शेंगांच्या गोष्टीतले मास्तर आणि ताई महाराज खटला



१ ऑगस्टला आमच्या शाळेत लोकमान्य टिळक आणि अण्णाभाऊ साठे यांच्यावर भाषणं होतात, तशी तुमच्याकडेही होतच असतील. मागच्या वर्षी आमच्याकडे टिळकांवर अकरा लेकरं बोलली. त्यातल्या नऊ जणांनी शेंगांचीच गोष्ट सांगितली. वर्गात टरफलं पडलेली, मास्तर चिडलेले, सगळ्यांना ती उचलायचा हुकूम, आणि छोटा बाळ ताठ उभा. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, तेव्हा टरफलंही उचलणार नाही. नऊ वेळा मास्तर ओरडले, नऊ वेळा बाळ ताठ उभा राहिला आणि मी नऊ वेळा टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट अशीच घडली का, हे बाजूला ठेवू. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट खटकली, तीही सातव्या-आठव्या भाषणाला. मी खुर्चीवर बसले होते, समोर लेकरं जमिनीवर. तेव्हा वाटलं, आपण गोष्ट सांगतो बाळच्या बाजूने, ऐकतोही बाळच्या बाजूने. पण आपण शिक्षक आहोत. या गोष्टीत आपली जागा बाळची नाहीच, मास्तरांची आहे. आणि मास्तरांनी काय केलं? टरफलं पाहिली आणि निकाल दिला. शेंगा कोणी खाल्ल्या, हे कोणाला विचारलंच नाही.

हे मला इतकं लागण्याचं कारण माझ्याच वर्गात घडलेलं आहे. ते आधी सांगते.

आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे गावं अर्धी रिकामी होतात. बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते निघतात, बैलगाड्या-ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांवर जातात. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडं मागं राहतात. त्या वर्षी चौथीतली माझी एक मुलगी अशीच आजोबांकडं राहिली होती. पहिल्या सत्राची प्रगतीपुस्तकं मी दिवाळीनंतर वाटली आणि ‘पालकाची सही’ या चौकटीत सही घेऊन यायला सांगितलं. दोन दिवसांनी तिनं पुस्तक आणून दिलं. चौकटीत तिच्या वडलांचं पूर्ण नाव, आणि अक्षर तिचं. मी ओळखणार नाही का? ते ‘र’ला दिलेलं लांब शेपूट मीच वर्षभर सुधारत होते. वडील तर महिनाभरापासून कारखान्यावर. म्हणजे सही खोटी. मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हटलं, “बापाची खोटी सही करतेस? एवढ्याशा वयात?” ती खाली बघत राहिली. काही बोलली नाही. मी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ काय काढला असेल, हे तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेले. आजोबा ओट्यावर बसले होते. मी सहीचं काढलं तर म्हणाले, “मॅडम, ते तर म्याच लिव्हायला लावलं.” मग त्यांनी समजावून सांगितलं. बँकेत, रेशनला, तलाठ्याकडं त्यांचा अंगठाच चालतो. तिथं आधी लिहिणारा माणूस नाव लिहितो आणि मग हे अंगठा उठवतात. पुस्तकात पालकाची जागा होती, पालक म्हणजे लेकराचा बाप. म्हणून आजोबांनी नाव सांगितलं, नातीनं लिहिलं. “अंगठा ठेवायला घरात शाई नव्हती, म्हून तेवढा ऱ्हायला.”

मी दाराआड उभ्या असलेल्या तिच्याकडं बघून म्हटलं, “अगं, मग मला सांगायचं नाही का?”

ती म्हणाली, “तुम्ही इचारलंच नाही.”

आता खटल्याकडं येते. १ ऑगस्टच्या त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी माझा मामेभाऊ घरी आला होता. तो वकील आहे. मी त्याला शेंगांचं आणि माझ्या त्या मुलीचं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तू टिळकांची लहानपणची गोष्ट घेऊन बसलीस. ते पंचेचाळीस वर्षांचे असताना त्यांच्यावर हीच वेळ आली होती आणि तो निकाल आम्ही आजही कोर्टात वाचून दाखवतो.” मग मी टिळकांचं चरित्र पुन्हा काढलं. ताई महाराज प्रकरण हे प्रकरण मी आधी नेहमी पानं उलटून पुढं जायचे, कारण दत्तक, मृत्युपत्र, प्रोबेट असले शब्द आले की डोकं चालेनासं व्हायचं. तुमचंही तसंच होत असेल तर मी सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

पुण्यात वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज नावाचे पहिल्या दर्जाचे सरदार होते, टिळकांचे स्नेही. ऑगस्ट १८९७ मध्ये ते पटकीनं वारले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. तरी मित्राच्या शेवटच्या घटकेला ते तिथं गेले आणि मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेचे एक विश्वस्त झाले. दादासाहेब खापर्डे हेही विश्वस्तांत होते. बाबा महाराजांच्या मागं त्यांची पत्नी ताई महाराज, वय पंधरा-सोळा, आणि ती गरोदर. पुढच्या वर्षी मुलगा झाला, पण दोन महिन्यांतच गेला. मुलगा न राहिल्यास विश्वस्तांच्या सल्ल्यानं दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात होतं. त्याप्रमाणे जून १९०१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आपल्या आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पंडित घराण्याच्याच एका शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. टिळक आणि खापर्डे दोघंही हजर होते.

पुण्याला परत आल्यावर मात्र चित्र पालटलं. मालमत्तेवर कर्ज होतं, विश्वस्तांनी खर्चाला चाप लावला होता, वाड्यात दोन तट पडले होते. ताई महाराजांनी टिळकांच्या विरोधात कोर्टात अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतलं. म्हणजे एका घराला दोन दत्तक! औरंगाबादला दत्तक झालाच नव्हता, तिथं आपल्यावर दडपण होतं, असं त्यांचं म्हणणं.

पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी १९०२ मध्ये टिळकांच्या विरोधात निकाल दिला आणि वर त्यांच्यावर फौजदारी खटला चालवण्यासाठी कागद पाठवले. आरोप अनेक होते, त्यातला महत्त्वाचा म्हणजे कोर्टात शपथेवर खोटं बोलल्याचा. ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. शेवटी ३ मार्च १९०४ रोजी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या खंडपीठानं ती शिक्षा रद्द केली.

इथं संपायला हवं होतं, पण दत्तक कोणता खरा याचा दिवाणी दावा वेगळा चालू होता. पुण्याच्या कोर्टात १९०६ मध्ये टिळकांच्या बाजूनं निकाल लागला. मुंबई हायकोर्टानं तो १९१० मध्ये फिरवला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. हायकोर्टाच्या निकालाचा अर्थ सरळ होता. औरंगाबादला जे झालं त्याबद्दल टिळक, खापर्डे आणि त्यांचे साक्षीदार यांनी संगनमत करून खोटं सांगितलं.

आता वर जायचं तर कुठं? आज आपण पाचवी-सहावीच्या मुलांना सांगतो की देशाचं सर्वोच्च न्यायालय दिल्लीला आहे. ते १९५० पासून. त्या काळात ब्रिटिश मुलखातल्या माणसाचं शेवटचं अपील चालायचं लंडनला, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढं. (आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं इथल्या शेतकऱ्याचं भांडण लंडनला जायचं नाही, ते हैदराबादलाच मिटायचं किंवा मिटायचं नाही.) टिळकांचा या न्यायालयाचा अनुभव काही चांगला नव्हता. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध त्यांनी तिथं अपिलाची परवानगी मागितली होती. पुढं इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ त्यांच्या बाजूनं उभे राहिले होते, तरी ती नाकारली गेली. म्हणून हे न्यायालय टिळकांवर मेहेरबान होतं, असं कोणी म्हणू नये.

२६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलनं ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ या दाव्याचा निकाल दिला. तो लॉर्ड शॉ यांनी सांगितला. हायकोर्टाचा निकाल रद्द झाला, औरंगाबादचा दत्तक खरा ठरला. पण माझ्या भावाला आणि आता मलाही महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. या दाव्यात आधीच्या प्रकरणांतली कागदांची नि जबान्यांची थप्पीच पुराव्यात आली होती. हायकोर्टानं त्या कागदांवरून ताडून पाहिलं आणि ठरवलं की साक्षीदार खोटारडे आहेत. लॉर्ड शॉ यांचं म्हणणं, माझ्या शब्दांत सांगायचं तर असं : साक्षीदार शपथेवर तुमच्यासमोर उभा होता. ज्या कागदावरून तुम्ही त्याला खोटा ठरवता, तो कागद त्याला दाखवायला हवा होता. याचा अर्थ काय, हे विचारायला हवं होतं. त्याला खुलाशाची संधी न देता मागाहून त्याच कागदावरून खोटारडा म्हणणं न्यायाला धरून नाही आणि कायद्यालाही.

१८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १४५ होतं. साक्षीदाराच्या आधीच्या लेखी म्हणण्यावरून त्याला खोडायचं असेल, तर आधी लेखातला तो भाग त्याच्या नजरेस आणून द्यायचा, असं ते सांगतं. म्हणजे नियम आधीपासून होता, पण मोठमोठ्या माणसांकडून तो पाळायचा राहिला. आता जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे, त्यातही हा नियम कायम आहे.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं प्रगतीपुस्तकाची ती चौकट आली. माझ्याकडंही कागद होता. त्यावर अक्षर ओळखू येत होतं. माझा तर्कही चुकीचा नव्हता, वडील खरंच गावात नव्हते. फक्त कागद तिच्यापुढं ठेवून “हे कसं लिहिलंस ग?” एवढं विचारायचं मी विसरले. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हेही सांगून टाकते.

माझ्या ओळखीच्या काही शिक्षकांना मी हे बोलून दाखवलं. एक सर म्हणाले, “मॅडम, पस्तीस-चाळीस लेकरं, दोन वर्ग एकत्र, वर पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती. प्रत्येक पेन्सिलीसाठी कोर्ट कुठं भरवायचं?” त्यांचं खरं आहे. वेळ नसतो. पण मी त्या मुलीला वर्गासमोर उभं करून जे बोलले, त्याला दोन मिनिटं लागलीच होती. विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. नंतर वस्तीवर जाऊन यायला माझी एक संध्याकाळ गेली, तिचे शाळेचे चार दिवस बुडाले ते वेगळेच.

दुसरी एक बाई म्हणाल्या, “लेकरं खोटं बोलतातच की!” बोलतात. मीही लहानपणी बोलले आहे. पण लॉर्ड शॉ यांनी असं कुठं म्हटलं की साक्षीदार नेहमी खरंच बोलतो? विचारून झाल्यावर, खुलासा ऐकून झाल्यावर, तो पटला नाही तर खुशाल खोटा ठरवा. क्रम तेवढा बदलायचा. मला वाटतं आपल्या मनात एक भीती असते की विचारलं तर लेकरू काहीतरी सबब सांगेल आणि आपल्याला ती खोडता येणार नाही. मग आपण विचारतच नाही. आणि शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, हे आपण प्रशिक्षणात ऐकतो, पण चारचौघांत ‘खोटारडी’ म्हणणं त्यात येतं असं आपल्याला वाटतच नाही. छडी नाही ना मारली, मग झालं.

पालकांसाठीही एक गोष्ट. घरातल्या डब्यातले वीस रुपये कमी दिसले की आपण सगळ्यात आधी कोणाकडं बघतो? आणि काय म्हणतो? “घेतलेस ना?” असं म्हणतो. तो प्रश्न नसतोच, तो निकाल असतो, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलेला.

हा डाग किती चिकट असतो, तेही याच प्रकरणात दिसतं. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं १९१० मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात टिळकांवर बाकीच्या आरोपांबरोबर ताई महाराज प्रकरणही उगाळलं. टिळकांनी त्याच्यावर लंडनला बदनामीचा दावा केला. तोवर देशाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयानं त्यांना या प्रकरणातून स्वच्छ बाहेर काढलेलं होतं. तरी १९१९ मध्ये तो दावा टिळक हरले. अर्थात त्या दाव्यात आरोप इतरही बरेच होते आणि राजकारणही होतंच. पण १९०१ ते १९१५ अशी चौदा वर्षं लढून मिळालेला निकाल हाती असतानाही हे झालं. टिळकांकडं निदान खापर्डे होते, वकील होते, केसरी होता. चौथीतल्या पोरीला एकदा वर्गानं ‘खोटी सहीवाली’ म्हटलं की तिनं कुठं जायचं? मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली, तरी पुढं दोन-तीन महिने मधल्या सुट्टीत तो शब्द माझ्या कानावर येत होता. तो शब्द माझ्याच तोंडचा होता.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात अजून अडकलेली आहे आणि ती टिळकांच्या बाजूची नाही. ताई महाराज. चरित्रात हे प्रकरण टिळकांचं म्हणून येतं, ते साहजिकच. पण मी बाई आहे आणि शिकवते ती मुलं-मुली दहा वर्षांच्या आतबाहेरची, त्यामुळं असेल, मला सारखी ती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दिसते. आज असती तर दहावी-अकरावीत असती. नवरा गेला, मूल गेलं. पैसे कोणी किती द्यायचे, दत्तक कोणाला घ्यायचं, कोणत्या गावाला जायचं, हे ठरवणारे सगळे तिच्याहून कितीतरी मोठे पुरुष, इकडचेही आणि तिकडचेही. औरंगाबादला जाताना तिला मनापासून काय वाटत होतं, हे कोणी तिला एकटीला बसवून विचारलं असेल का? कोर्टात वकिलांनी विचारलं असेल ते वेगळं. १९०३ मध्ये, पहिली कोर्टबाजी संपायच्या आतच, ती वारली. टिळक खरं बोलत होते, हे मला निकाल वाचून पटलं. तरी तिचं म्हणणं बदललं त्याला कोणाची फूस एवढंच कारण होतं, असं मानायला माझं मन तयार होत नाही. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं.

या वर्षी १ ऑगस्टला मी एका मुलाला शेंगांचं भाषण जरा बदलून दिलं. गोष्ट तीच, पण शेवटी तो मास्तरांना विचारतो, “गुरुजी, तुम्ही आधी आम्हाला विचारलं का नाही?” त्याच्या पालकांना ते थोडं आगाऊपणाचं वाटलं. “टिळकांच्या भाषणात असलं नसतं मॅडम,” असं त्याचे वडील म्हणाले. मी ते वाक्य ठेवलं. बोलताना तो त्या वाक्याला अडखळला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली, मग त्यानं ते पूर्ण केलं.

आणि त्या मुलीचं प्रगतीपुस्तक. दुसऱ्या सत्राच्या निकालाला तिचे आजोबा स्वतः शाळेत आले, धुतलेलं धोतर, डोक्याला टापशी. आईबाप अजून कारखान्यावरून यायचे होते. मी कार्यालयातलं स्टॅम्पपॅड टेबलावर ठेवलं. नातीनं चौकटीत या वेळी आजोबांचं नाव लिहिलं, लांब शेपटाच्या ‘र’सकट. आजोबांनी शेजारी डावा अंगठा दाबून धरला. तो चौकटीत काही मावला नाही, अर्धा खालच्या ‘वर्गशिक्षकाची सही’वर आला. मी माझी सही मग त्याच्या बाजूला, जागा मिळेल तिथं केली.